आप्पांची उचकी आणि रक्तातलं सोडियम

आमचे आप्पा ७१ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आता तासगावात दादा-वहिनींजवळ असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना उचकी लागली ती आठवडा झाला तरी थांबेना, आणि शेवटी मिरजेत आयसीयूत ठेवावं लागलं. आता ते ठणठणीत आहेत. त्या दिवसांत मी रात्र रात्र फोनवर शोधत बसायचे आणि बहुतेक ठिकाणी साखर खा, श्वास रोखून धरा, एवढंच वाचायला मिळायचं. तशाच कुणाच्या तरी हाती हे पडावं म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं, सगळं लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं आली आहेत ती आप्पांना काय दिलं हे कळावं म्हणून, स्वतःच्या मनाने घेण्यासाठी नव्हे.

सुरुवात जानेवारीपासून करायला हवी. संक्रांतीनंतर आप्पांचा बीपी वाढला, वरचा आकडा १७० च्या पुढे गेला. बऱ्याच वर्षांपासून चालू असलेली टेल्मिसार्टनची गोळी बदलून त्याच औषधाची पण जोडगोळी सुरू झाली. तिच्यात क्लोरथॅलिडोन हे दुसरं औषध होतं. ही लघवी वाढवून बीपी खाली आणणारी, थायाझाइड गटातल्या औषधांसारखं काम करणारी गोळी. बीपी लगेच ताब्यात आला. आईनेही जेवणातलं मीठ कमी केलं, लोणचं-पापड बंद झाले. घरात सगळे निर्धास्त झाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी चहा घेताना उचकी सुरू झाली. सगळ्यांच्या घरात होतं तेच झालं. आईने चमचाभर साखर दिली, वहिनीने गार पाणी दिलं, कुणीतरी आठवण काढतंय म्हणून आत्याला फोन लावून झाला. रात्री जेवताना थोडी थांबली, अंथरुणाला पाठ टेकल्यावर पुन्हा सुरू. मिनिटाला दहा-बारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा मला पुण्याला फोन आला तेव्हा मागून तो आवाज ऐकू येत होता. आप्पा फोनवर आले, "अगं काही नाही, उचकीच आहे," एवढं वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

शुक्रवारी गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. फी १५० रुपये. पोट फुगल्यामुळे किंवा ॲसिडिटीने असेल म्हणून त्यांनी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, पँटोप्राझोल लिहून दिलं. इंजेक्शननंतर तीन-चार तास उचकी बंद होती, आप्पा झोपलेही. संध्याकाळी परत. निघताना डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "गुरुजी, अठ्ठेचाळीस तासांत थांबली नाही तर मात्र वरच्या तपासण्या करायच्या." तेव्हा हा आकडा कुठून आला ते कळलं नव्हतं. नंतर वाचलं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत थांबते ती साधी उचकी, त्यापुढे टिकली तर तिच्यामागे काहीतरी कारण आहे असं धरून शोधायचं असतं, आणि महिन्यावर गेली तर ती आणखी अवघड गटात जाते.

शनिवारी दुपारी मी तासगावला पोचले. द्राक्षांचा हंगाम, दादा बागेत तोडणीला अडकलेला, त्यामुळे आप्पांजवळ आई आणि वहिनीच होत्या. आप्पा ओसरीवर आरामखुर्चीत बसलेले, एक हात छातीखाली दाबून धरलेला. प्रत्येक उचकीला तो हात वर उचलला जायचा. ताटातली भाकरी तशीच. घास तोंडात असताना उचकी आली की ठसका लागायचा, म्हणून दोन दिवस मऊ भात आणि ताक यावरच होते. कवळी काढून ठेवली होती, कारण दात एकमेकांवर आपटत होते. रात्री आडवं झोपता येईना, म्हणून खुर्चीतच मागे उशा लावल्या. पहाटे तीनला जाग आली तेव्हा आप्पांना झोप लागली होती, पण झोपेतही खांदे उडत होते. दादाने ते मोबाइलवर दीड मिनिटभर टिपलं. हा व्हिडिओ पुढे फार उपयोगी पडला. तुमच्याकडे अशी वेळ आली तर पेशंट झोपलेला असताना व्हिडिओ जरूर काढा. डॉक्टरांसमोर उचकी नेमकी मंदावते आणि मग आपण तोंडी काय सांगणार?

रविवारी आत्या कडेगावहून आल्या, सोबत एका वैद्यांकडून मोरपिसाची मषी, म्हणजे पीस जाळून केलेली राख आणलेली, मधातून चाटवायला. आयुर्वेदात उचकीवर ते जुनं औषध आहे. त्या वैद्यांशी मी फोनवर बोलले. ते जे म्हणाले त्याने मला खरी जाग आली. ते म्हणाले की चरकसंहितेत हिक्का म्हणजे उचकी आणि श्वास म्हणजे दमा यांचा एक पूर्ण अध्याय आहे, हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि या दोन व्याधींसारखा झपाट्याने जीव घेणारा रोग दुसरा नाही असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. "जेवणाने लागलेली उचकी वेगळी, ही वेगळी दिसते. मषी द्या, पण मोठ्या दवाखान्यात दाखवायचं लांबवू नका." त्यांचे मी आजही आभार मानते.

सोमवारी, १० तारखेला, सांगलीत पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. साडेदहाची वेळ दिली होती, आत जायला दीड वाजला. बाहेर बाकावर बसलेली माणसं दर उचकीला वळून बघायची. एक-दोघे हसले. आप्पांनी रुमाल तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. चाळीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस असा कोपऱ्यात तोंड झाकून बसलेला बघून मला रडू आवरेना. उचकीचा त्रास सांगायला गेलं की समोरचा आधी हसतो, हे त्या आठवड्यात वारंवार अनुभवलं. पाच दिवस झोप नाही, पोटभर जेवण नाही, बोलणं तुटक, यात हसण्यासारखं काही नसतं.

डॉक्टरांनी (फी ६००) आधी ईसीजी काढायला लावला. मी विचारलं, उचकीला हृदयाची तपासणी कशाला? ते म्हणाले, हृदयाचा खालचा भाग श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेला असतो, तिथे हार्ट अटॅक आला तर कधी कधी उचकीच पुढे येते, म्हणून वयस्क माणसात ईसीजी आधी. तो ठीक निघाला. ३०० रुपये. छातीचा एक्स-रे ४५०, पोटाची सोनोग्राफी १,३००. यकृतात गळू, फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया, असं श्वासपटलाला खालून-वरून डिवचणारं काही आहे का, ते बघायला. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी एंडोस्कोपी झाली, ४,००० रुपये. जठराला किंचित सूज, बाकी काही नाही. उचकी चालू असताना नळी घालायची म्हणजे त्यांचे हाल झाले. ग्लानीचं इंजेक्शन देऊन केली, तरी बाहेर आल्यावर घसा दुखत होता.

तिथून क्लोरप्रोमाझिनच्या गोळ्या मिळाल्या. उचकीवरचं हे सगळ्यात जुनं औषध, मुळात मानसिक आजारांत वापरतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने उचकीसाठी म्हणून मान्यता दिलेलं हे एकच औषध आहे, असं केमिस्टने दिलेल्या माहितीपत्रकावरून शोधत गेल्यावर कळलं. उचकी थोडी विरळ झाली. पण पहिल्याच रात्री आप्पा लघवीला उठले आणि दारात कोसळता कोसळता वाचले. या गोळीने उभं राहताना बीपी एकदम पडू शकतो. ज्यांच्या घरात ही गोळी सुरू होईल त्यांनी पेशंटला एकट्याने उठू देऊ नका, आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवा, मग उभं करा. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारल्यावर डॉक्टरांनी ती बंद करून बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं. तेही देताना त्यांनी किडनीचा जुना रिपोर्ट आधी मागून घेतला, कारण किडनी कमजोर असेल तर बॅक्लोफेन अंगात साठतं आणि माणूस गुंगीत जातो.

या मधल्या रात्री सगळ्यात वाईट गेल्या. मी वाचत बसायचे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबोर्न या माणसाला १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली, अडुसष्ट वर्षांनी. हे वाचल्यावर फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसतीच बसून राहिले. आत खोलीत आप्पांची उचकी आणि तिच्यामागोमाग आईचं "देवा, देवा" चालूच होतं.

आणि बुधवारी, १२ तारखेला, उचकीपेक्षा वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. आप्पांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. चुकून होतं असं, पण दुपारी पुन्हा मारली. उजव्या पायात डावी चप्पल घालून अंगणात गेले आणि ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. चालताना तोल जात होता. डोकं दुखतंय म्हणाले, मळमळतंय म्हणाले. गोळ्यांची गुंगी असेल असं सगळ्यांना वाटलं, पण क्लोरप्रोमाझिन बंद झालेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "हे आपले आप्पा नव्हेत. उद्याची वाट बघायला नको." रात्रीच निघणार होतो, तेवढ्यात मिरजेतल्या एका फिजिशियनची सकाळी नऊची वेळ मिळाली. ती रात्र दादाने आप्पांच्या खुर्चीला खुर्ची लावून काढली. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, पेशंट बरळायला लागला, नावं चुकवायला लागला, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

१३ तारीख, मिरज. या डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि आधी दोनच गोष्टी विचारल्या. उचकी झोपेत असते का, आणि औषधं कुठली चालू आहेत. दादाने व्हिडिओ दाखवला. झोपेतही टिकणारी उचकी सहसा मनाच्या ताणातून आलेली नसते, शरीरात कारण असतं, असं ते म्हणाले. मग बॅटरी घेऊन दोन्ही कान तपासले. कानातला केस पडद्याला टेकला तरी उचकी लागू शकते, कारण व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानापर्यंत जाते. तो मेंदूपासून पोटापर्यंत उतरतो. दुसरा फ्रेनिक, त्यांनी आप्पांच्या मानेवर बोट ठेवून दाखवला. मानेतून निघून थेट श्वासपटलाला हलवतो. या वाटेवर कुठेही, मानेत, छातीत, पोटात किंवा वर मेंदूच्या देठात काही बिघडलं की श्वासपटल झटका देतं, आणि त्याच क्षणी स्वरयंत्राची फट मिटते, त्याचा तो आवाज. एवढं सोपं करून आधी कुणी सांगितलं नव्हतं.

औषधं म्हटल्यावर आईने पिशवीतून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. आप्पांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, संपलेलीसुद्धा, ती त्यात ठेवते. डॉक्टरांनी डबा टेबलावर उपडा केला, एकेक पाकीट उलटून बघितलं आणि बीपीची जोडगोळी वेगळी काढली. "ही कधीपासून?" जानेवारीपासून. "पाणी किती पितात?" भरपूर. उचकीवर पाणी प्या, असं भेटेल तो सांगत होता, गारगार पाण्याचे तांबेच्या तांबे रिकामे होत होते. "आणि जेवण?" मऊ भात, बिनमिठाचा. मग आप्पांकडे वळून त्यांनी विचारलं, "गुरुजी, शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

आप्पा गप्प. बराच वेळ छताकडे बघत राहिले. आईने माझा हात घट्ट धरला. गणिताच्या मास्तरांना त्र्याण्णवातून सात वजा करता येईना.

सोडियम, पोटॅशियम, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, साखर. रक्ताच्या तपासणीचे ४०० आणि बाकीचे थोडे. रिपोर्ट तासाभरात आला. सोडियम ११६. १३५ ते १४५ असायला हवं. पोटॅशियमही कमी, ३.१. किडनी आणि साखर ठीक. थायाझाइडसारख्या गोळीने लघवीतून मीठ जातं, वरून नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. ते फार उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, आणि मग उचकी, मळमळ, भ्रम, पुढे फिट्स. वयस्क माणसांत ही गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हे होऊ शकतं. गोळी वाईट नाही, लाखो लोकांना तिने फायदा होतो, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. सुरू केल्यावर काही दिवसांनी सोडियम-पोटॅशियम तपासायचं, एवढंच.

माझं मत मी लिहितेच. दोन दिवसांवर टिकलेल्या उचकीला, त्यातून साठीच्या पुढच्या माणसाला, ही रक्ताची तपासणी ईसीजीच्या बरोबरीने पहिल्याच दिवशी व्हायला हवी. एंडोस्कोपीच्या दहाव्या हिश्शात होते, उपाशी राहावं लागत नाही. कुणी सुचवली नाही तर आपण विचारावं, "डॉक्टर, सोडियम आणि क्रिएटिनिन बघून घेऊ का?" यात कुणाचा अपमान होत नाही.

लगेच आयसीयूत घेतलं. २०,००० रुपये डिपॉझिट भरलं आणि मग मेडिक्लेमच्या खिडकीवर माझी वारी सुरू झाली. ते सविस्तर सांगते, कारण इथे माणूस फार गांगरतो.

कॅशलेससाठी आधार, पॅन, पॉलिसीचं ई-कार्ड आणि जुने केसपेपर दिले. फॉर्मवर काउंटरवरच्या मुलाने निदानाच्या रकान्यात इंग्रजीत नुसतं 'उचकी' असं लिहून पाठवलं, कारण ओपीडीच्या कागदावर वरती तीच तक्रार होती. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो. आम्हाला दुपारी उलट प्रश्न आला: उचकीसाठी भरती करण्याची गरज काय, आणि बीपी किती वर्षांपासून आहे? मी आयसीयूतल्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरलेलं आहे, भ्रमाची लक्षणं आहेत, आयसीयूत देखरेखीखाली उपचार अत्यावश्यक. सोबत लॅबचा रिपोर्ट जोडला. बीपी पॉलिसी घेतानाच जाहीर केलेला होता आणि प्रतीक्षाकाळ कधीच संपला होता, त्याची पॉलिसीतली पानं जोडली. संध्याकाळी सातला मंजुरी आली. तेव्हा फॉर्म पाठवण्याआधी निदानाचा रकाना स्वतः वाचून बघा. लक्षण लिहिलंय की आजार, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. खोलीच्या भाड्याची मर्यादाही त्याच वेळी बघून घ्या. आमची पॉलिसी ३ लाखांची, खोलीला दिवसाला एक टक्का म्हणजे ३,०००. त्याहून महागडी खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही, बाकीचे काही चार्जेसही त्या प्रमाणात कापले जातात. म्हणून आयसीयूतून बाहेर आल्यावर दोन खाटांची खोली घेतली.

आता उपचार. मला वाटलं होतं मीठच कमी झालंय, सलाइन भराभर चढवलं की संपलं. तसं अजिबात करत नाहीत. ३ टक्क्यांचं सलाइन पंपातून अगदी हळू सोडत होते आणि दर काही तासांनी रक्त घेऊन सोडियम बघत होते. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. झपाट्याने वाढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. हे समजल्यावर हळू चाललंय याची चिंता करणं मी सोडलं. घरी मीठ-पाणी पाजून हे करू नका, हे मी कळकळीने सांगते. तोंडाने पिण्याच्या पाण्यावर मर्यादा आली. आप्पा पाणी मागायचे आणि सिस्टर ओठाला ओला कापूस लावायच्या. आईला ते बघवायचं नाही, ती बाहेर जाऊन बसायची.

कारण सापडलं तरी मेंदूच्या देठाजवळ पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेलेला नाही ना, हे पाहायला १५ तारखेला एमआरआय केला. उचकीसोबत तोल जाणं असलं की तेही बघावं लागतं. नॉर्मल आला.

आकडे मी वहीत लिहून ठेवत होते. भरती होताना ११६, दुसऱ्या दिवशी सकाळी १२३, तिसऱ्या दिवशी १२८. पहिल्या रात्रीच उचक्यांमधलं अंतर वाढलं. आयसीयूत सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं भेटू द्यायचे. १४ तारखेला संध्याकाळी मी त्यांच्याजवळ उभी असताना पाच मिनिटांत एकच उचकी आली. १५ तारखेला सकाळी आत गेले तर आवाजच नाही. आप्पा डोळे मिटून पडले होते. घाबरून मी मॉनिटरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "झोपू द्या, पहाटेपासून झोपलेत." इतक्या दिवसांनी ते सपाट आडवे झोपले होते. दुपारी राउंडला डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, शंभरातून सात. आप्पांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत थेट दोनपर्यंत न अडखळता नेलं आणि वर विचारलं, "पुढे ऋण संख्या सांगू का?" मला नावाने हाक मारली. आई बाहेर बाकावर होती, तिला सांगायला मी पळतच गेले.

१८ फेब्रुवारीला डिस्चार्ज. सकाळी दहाला सांगितलं, अंतिम मंजुरी यायला दुपारचे तीन वाजले. नियमात तीन तास आहेत, ती विनंती कितीला पाठवली त्याची वेळ काउंटरवर विचारून लिहून घ्या. बिल ८४,६००. हातमोजे, डायपर, नोंदणी फी असे पॉलिसीत न बसणारे ७,७०० आम्ही भरले, ते डिपॉझिटमधून कापून बाकीचे परत मिळाले.

भरती होण्याआधीचा खर्चही त्याच आजाराचा असेल तर मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या पॉलिसीत आधीचे तीस दिवस धरतात. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, डॉक्टरांच्या फीच्या पावत्या, प्रत्येकासोबत ती तपासणी सांगितल्याचा कागद आणि रिपोर्ट, रद्द केलेला चेक, डिस्चार्ज कार्डाची प्रत, असा गठ्ठा मार्चच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला. महिन्याने पत्र आलं की एंडोस्कोपीचा या आजाराशी संबंध दिसत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की टिकून राहिलेल्या उचकीच्या कारणाचा शोध घेताना ती तपासणी झाली होती. ते पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केलं आणि एप्रिलअखेर पैसे जमा झाले. औषधाच्या ज्या बिलांवर पेशंटचं नाव नव्हतं ती मात्र नाकारली. केमिस्टकडे घाईत असलात तरी नाव घालून बिल मागा. कंपनीने ऐकलंच नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते, त्यानंतर विमा लोकपालांकडे. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस पाणी मोजून, दिवसाला सव्वा लिटर. आईने मापाची बाटली ठेवली होती, चहा-ताकही त्यातच धरायचं. जेवणात मीठ नेहमीइतकं, लोणचं-पापडाला मात्र बीपीमुळे अजून बंदी. बीपीसाठी आता अम्लोडिपिन आहे. सुरुवातीला घोट्याशी सूज आली, डोस कमी केल्यावर उतरली. आठवड्याने सोडियम १३५, महिन्याने १३८. अशक्तपणा मात्र लवकर गेला नाही. उचकीने बरगड्यांखालचे स्नायू इतके दुखावले होते की मार्च संपेपर्यंत आप्पांना खोकतानाही कळ यायची.

दादाने आप्पांच्या फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे, थायाझाइड गटातली गोळी देऊ नये, सोडियम ११६ झाले होते, फेब्रुवारी २०२५. तोच मजकूर एका चिठ्ठीवर आधार कार्डाच्या पाकिटात, कारण दवाखान्यात फाइल विसरते, आधार विसरत नाही. आपण नसताना दुसरा डॉक्टर बघणार असेल तर त्याला हे पहिल्या मिनिटात दिसायला हवं.

परत उचकी लागली तर काय करायचं, हेही डॉक्टरांकडून लिहून घेतलं. काही मिनिटं किंवा एखाददोन तास राहिली तर घाबरायचं नाही, जेवणानंतर कुणालाही लागते. दिवसभर टिकली तर सोडियम तपासून रिपोर्ट पाठवायचा. सोबत छातीत दुखणं, बोलणं जड होणं, एका बाजूची ताकद जाणं, तोल जाणं किंवा भ्रम, यातलं काहीही असेल तर फोन करत बसायचं नाही, थेट कॅज्युअल्टी. मे महिन्यात एका लग्नात जेवून आल्यावर लागली होती, आई कपडेही बदलेना, तशीच त्यांच्यासमोर बसून राहिली. वीस मिनिटांत थांबली. दुसऱ्या दिवशी तरीही रक्त दिलं, १३७ निघालं.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, तासगावातच होते, आणि रिपोर्ट मिरजेला व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतं.